दि. बा. पाटील : पाच वेळा आमदार, मंत्रिपद एकदाही नाही, मग साडेबारा टक्के मिळाले कसे?

उलवे : उलव्यातल्या इमारतींच्या गच्चीवरून आता विमानं चढता-उतरताना दिसतात. 8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. त्यानंतर तीनच आठवड्यांत, 13 जानेवारी 2026 ला, दि. बा. पाटील यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण झाली. विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून इथली माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली, ते हे दि. बा.

उलवे नोडमध्ये आज बाहेरून राहायला आलेली हजारो कुटुंबं आहेत. 'हे दि. बा. पाटील म्हणजे नक्की कोण? मंत्री होते का?' असं त्यांच्यातले बरेच जण विचारतात. गावातल्या पोरांना नाव पाठ आहे, बॅनरवरचा फोटो ओळखीचा आहे. पण त्यांनी विधानसभेत बसून काय केलं आणि घरातली साडेबाराची फाईल त्यांच्याशी कशी जोडलेली आहे, हे विचारलं तर पोरंही अडतात. म्हणून हा लेख.

जासईचा वकील

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म 13 जानेवारी 1926 चा, उरण तालुक्यातल्या जासई गावातला. उलव्याहून जासई फार लांब नाही, गव्हाण ओलांडलं की आलंच. तेव्हा हा सगळा पट्टा भातशेतीचा, खाजणाचा आणि मिठागरांचा. समुद्राचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचे, बांध फुटला की सगळ्या गावाने मिळून बांधायचा, असं इथलं शेतकऱ्याचं जगणं.

दि. बा. शिकले, वकील झाले आणि पनवेलमध्ये वकिली करू लागले. शेतकरी कामगार पक्षात गेले. कुलाबा जिल्ह्यात म्हणजे आजच्या रायगडात तेव्हा लाल बावट्याचा जोर होता. त्यामागे इतिहास होता. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोतांच्या विरोधात शेती न कसण्याचा संप केला होता. उरणमध्ये चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला होता. जमीन आणि हक्क यासाठी भांडायचं, हे इथल्या माणसाला कोणी नव्याने शिकवलेलं नाही.

1957 च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. त्या निवडणुकीत दि. बा. पनवेलमधून पहिल्यांदा आमदार झाले, वय 31. तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेलंही नव्हतं, मुंबईचं द्विभाषिक राज्य होतं. उरण तालुका तेव्हा पनवेल मतदारसंघातच येई. पुढे 1962, 1967, 1972 आणि 1980 अशा एकूण पाच वेळा ते पनवेलचे आमदार झाले. काही काळ पनवेलचे नगराध्यक्षही होते. 1977 आणि 1984 ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. विधान परिषदेवरही एकदा गेले.

यातली 1984 ची निवडणूक लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची देशभर लाट होती, तरी कुलाब्याने दि. बां. ना निवडून दिलं. त्या लोकसभेत शेकापचा तो एकटाच खासदार. त्याच वर्षी जानेवारीत जे घडलं होतं ते लोक विसरले नव्हते. त्याकडे पुढे येतो.

सात आमदारांचा विरोधी पक्षनेता

1972 च्या विधानसभेत 270 पैकी 222 जागा काँग्रेसच्या होत्या. शेकापचे आमदार किती? सात. तरी विरोधी पक्षनेतेपदावर दि. बा. बसले आणि 1977 पर्यंत त्या पदावर राहिले. 1982-83 मध्ये पुन्हा एकदा ते विरोधी पक्षनेते झाले.

सात आमदार घेऊन मतदानात सरकारला हरवता येत नाही, हे उघड आहे. मग विरोधातला आमदार करतो काय? त्याच्या हातात चार-पाच साधनं असतात. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी लावली की तातडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावं लागतं. अर्थसंकल्पावर कपात सूचना देता येते, अर्धा तास चर्चा मागता येते. यातून लगेच काही मिळत नाही, पण मंत्री जे बोलतो ते कागदावर येतं. 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे', 'न्याय देऊ', सगळं छापलं जातं. पुढच्या अधिवेशनात तोच कागद पुढे करून विचारता येतं, की झालं काय त्याचं?

दि. बा. वकील होते, कायद्याची कलमं त्यांना माहीत होती. मोर्चात बोलणारा आणि सभागृहात बोलणारा माणूस एकच होता. पनवेलमधल्या त्यांच्या घराचं नाव 'संग्राम'. पण त्यांचा अर्धा संग्राम कागदावरचा होता, हे आज सांगितलं जात नाही.

1957 ला मालक, 1970 ला नोटीस

आता जमिनीचं. हे नीट समजलं तर पुढचं सगळं समजेल.

कूळ कायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. पुढे किंमत ठरवायची, हप्ते भरायचे, 32 म चं प्रमाणपत्र घ्यायचं, यात अनेकांची वर्षं गेली. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव पहिल्यांदा सातबाऱ्यावर मालक म्हणून लागलं.

आणि 1970 मध्ये नवी मुंबईसाठी संपादनाच्या नोटिसा आल्या. म्हणजे 13 वर्षं. काही घरांत तर कुळाची कागदपत्रं पुरी होण्याआधीच संपादनाचा कागद दारात आला.

मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यातली 95 गावं, 344 चौरस किलोमीटरचं क्षेत्र. मुंबईची गर्दी कमी करायची म्हणून खाडीपलीकडे नवं शहर, अशी कल्पना. शहर होणार म्हणजे जमिनीचा भाव चढणार, हे उघड होतं. पण शेतकऱ्याला मिळणार होता 1894 च्या इंग्रजी कायद्यातला भाव. त्या कायद्यात अधिसूचना निघाली त्या दिवसाचा बाजारभाव धरत. बरेच निवाडे त्यानंतर दहा-बारा वर्षांनी झाले, पण भाव धरायचा तो जुन्या तारखेचा. जमीन विकायची म्हटलं तर गिऱ्हाईक नाही, कारण संपादनात अडकलेली. कर्ज मागावं तर बँक उभी करत नाही. पोरं मोठी झाली, लग्नं झाली, घर वाढवायचं तर परवानगी नाही.

दि. बां. ची मागणी नुसती भाववाढीची नव्हती. ते म्हणत, शहर आमच्या जमिनीवर उभं राहणार, तर त्या शहरात आमचाही वाटा हवा. पैसे आज येतात, उद्या संपतात. विकसित झालेल्या जमिनीचा तुकडा शेतकऱ्याला परत द्या. आज हे आपल्याला साधं वाटतं, पण तेव्हा सरकारी भाषेत शेतकऱ्याला 'मोबदला' असे, 'वाटा' नसे.

16 आणि 17 जानेवारी 1984

न्हावा-शेवा बंदर आणि सिडकोसाठी जमिनी ताब्यात घ्यायची वेळ आली तेव्हा उरणच्या शेतकऱ्यांनी नकार दिला. 16 जानेवारी 1984 ला दास्तान फाट्यावर हजारो लोक जमले. बाया आघाडीवर होत्या. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि मग गोळीबार झाला. त्या दिवशी चिर्ल्याचे नामदेव घरत आणि धुतूमचे रघुनाथ ठाकूर हे दोघं गेले. दुसऱ्या दिवशी 17 जानेवारीला नवघरला पुन्हा गोळीबार झाला. त्यात पागोट्याचे कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील हे तिघं गेले. दोन दिवसांत पाच हुतात्मे, शेकडो जखमी.

तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते. दि. बा. पनवेलचे आमदार होते आणि आंदोलनाचं नेतृत्व त्यांच्याकडेच होतं. या दोन दिवसांनंतर सरकारला शेतकऱ्यांशी बोलावं लागलं. विकसित जमिनीत वाटा देण्याचं तत्त्व इथून पुढे आलं. दरवर्षी 16 आणि 17 जानेवारीला जासई आणि नवघरला अभिवादनाचे कार्यक्रम होतात. उलव्यात नव्याने राहायला आलेल्यांनी एकदा तरी तिथे जाऊन यावं. आपण राहतो ती सेक्टर-प्लॉटची जमीन कशी मोकळी झाली, ते तिथे कळेल.

पण तत्त्व पुढे येणं वेगळं आणि शासन निर्णय निघणं वेगळं. साडेबारा टक्के योजनेचा शासन निर्णय निघाला 6 मार्च 1990 ला, शरद पवार मुख्यमंत्री असताना. त्यात सुधारणा झाली 28 ऑक्टोबर 1994 ला. नोटिसा 1970 च्या, गोळीबार 1984 चा, निर्णय 1990 चा. वीस वर्षं. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यातले कितीतरी जण तोवर गेले होते.

साडेबारा म्हणजे हातात किती?

यावर गावात अजून गोंधळ आहे, म्हणून हिशोब मांडतो.

समजा एक एकर, म्हणजे 40 गुंठे जमीन गेली. साडेबारा टक्के म्हणजे 5 गुंठे. पण यातले 30 टक्के सामाजिक सोयी आणि सार्वजनिक वापरासाठी कापले जातात. म्हणजे दीड गुंठा गेला. राहिले साडेतीन गुंठे. टक्क्यात सांगायचं तर साडेबारा नाही, पावणेनऊच टक्के हातात येतात.

साडेतीन गुंठे म्हणजे सुमारे 354 चौरस मीटर. यावर दीड एफएसआय धरला तर बांधकाम 531 चौरस मीटर, म्हणजे साधारण 5,700 चौरस फूट. स्वतः बांधायला पैसा नसतो, म्हणून बहुतेक जण बिल्डरकडे जातात. समजा अर्ध्या-अर्ध्याचा करार झाला. कुटुंबाच्या वाट्याला आले 2,850 चौरस फूट. 1970 ला आजोबांचं नाव सातबाऱ्यावर होतं, आज वारस आठ. प्रत्येकाला 356 फूट. एक एकर भातशेतीचं झालं एक वन रूम किचन.

आणि हे ज्यांना सगळं सरळ मिळालं त्यांचं. संपादित जमिनीवर कुणाचं बांधकाम निघालं तर तेही पात्रतेतून वजा होतं. वारस दाखल्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते. बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतलं जातं, तेव्हा आपण नक्की किती सोडतोय हे त्यांना कोणी सांगत नाही. खाडीत मासेमारी करणाऱ्याच्या किंवा मिठागरावर मजुरी करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्यामुळे या योजनेतून त्याचा प्रश्न सुटला नाही.

असं असूनही ही योजना मोठी का म्हणायची? कारण तोवर जमीन गेली की शेतकऱ्याचा त्या जमिनीशी संबंध संपत असे. इथे पहिल्यांदा सरकारने लेखी मान्य केलं, की नव्या शहरात मूळ मालकाचा हिस्सा आहे. उरणच्या बंदरग्रस्तांनाही पुढे साडेबारा टक्के मंजूर झाले. त्याची इरादापत्रं 16 ऑगस्ट 2014 ला पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली. ते पाहायला दि. बा. नव्हते. 2014 पासून देशात लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात शहरासाठी जमीन घेतल्यास 20 टक्के विकसित जमीन मूळ मालकांसाठी राखून ठेवायची तरतूद आहे, तीही संपादन आणि विकासाचा खर्च घेऊन. आंध्रात अमरावती राजधानीसाठी जमीन दिलेल्यांना एका एकर जिरायतीमागे 1,000 चौरस यार्ड राहण्यासाठी आणि 250 चौरस यार्ड व्यापारासाठी देण्याचं ठरलं. आपल्या मापात सव्वादहा गुंठ्यांच्या आसपास. आपले साडेतीन बाजूला ठेवून बघा म्हणजे फरक कळेल.

उलवे : गाव गेलं, नाव नोडला राहिलं

विमानतळाचा 1,160 हेक्टरचा प्रकल्प आला तेव्हा दहा गावं उठवावी लागली. वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवली वाडा, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे आणि उलवे. हो, ज्याच्या नावाने आज नोड ओळखला जातो ते मूळ उलवे गावही त्यात होतं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला.

यावेळी साडेबारावर लोक थांबले नाहीत. शिल्लक खाजगी जमिनीसाठी साडेबावीस टक्के विकसित जमिनीचं पॅकेज ठरलं. एकराला नऊ गुंठे. हा फरक आपोआप पडला नाही. पहिल्या पिढीने साडेबारा मिळवले होते, म्हणून दुसऱ्या पिढीची बोलणी साडेबाराच्या पुढे सुरू झाली. 1984 चा फायदा 2013-14 मध्ये असा झाला.

शेवटची वर्षं आणि नावाची लढाई

दि. बां. चं राजकारण सगळं यशाचंच होतं असं नाही. 1989 ला कुलाब्याची लोकसभेची जागा बॅरिस्टर अंतुले यांनी घेतली. पुढे दि. बां. ची शेकापशी फारकत झाली, ते शिवसेनेत गेले, पण तिथे त्यांचा जम बसला नाही. आयुष्यभर लाल बावटा खांद्यावर घेतलेल्या माणसाने असं करायला नको होतं, असं म्हणणारे जुने कार्यकर्ते आजही भेटतात. पण पक्ष बदलला तरी प्रकल्पग्रस्तांचा विषय त्यांनी सोडला नाही. उतारवयात प्रकृती साथ देत नसतानाही ते या प्रश्नावर बोलत राहिले. 24 जून 2013 ला त्यांचं निधन झालं.

2021 मध्ये सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव देण्याचा ठराव केला आणि भूमिपुत्र पेटले. 10 जून 2021 ला मानवी साखळी झाली. 24 जूनला, दि. बां. च्या स्मृतिदिनी, सिडको भवनाला घेराव झाला. पक्ष बाजूला ठेवून माणसं आली होती. जून 2022 च्या अखेरीस उद्धव ठाकरे सरकारने जाता जाता दि. बां. च्या नावाचा निर्णय घेतला, पुढे शिंदे सरकारने तो पुन्हा घेतला आणि विधिमंडळाने ठराव करून केंद्राकडे पाठवला. विमानतळाला नाव देण्याचा अंतिम निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा असतो. म्हणजे ज्या विधिमंडळात दि. बा. वर्षानुवर्षं विरोधी बाकावर बसले, तिथेच सगळ्या पक्षांनी त्यांच्या नावाला हात वर केला.

आता आमदाराला काय विचारायचं?

उलवे नोड आज उरण विधानसभा मतदारसंघात येतो. मतदार दोन प्रकारचे आहेत, गावातले आणि सोसायटीतले. सोसायटीवाल्याला पाणी, शाळा, दवाखाना हवाय. गाववाल्याचा प्रश्न गरजेपोटी बांधलेल्या घरांचा आहे. गावठाणाची हद्द वेळेत वाढवली नाही, कुटुंबं वाढली, माणसांनी शेजारच्या जागेत घरं बांधली, ती कागदावर अनधिकृत ठरली. ही घरं नियमित करायला 2022 ला शासन निर्णय निघाला, 2024 ला सुधारित निघाला. निर्णय निघाला म्हणजे घर नावावर झालं असं नाही. मोजणी, हद्द, भाडेपट्ट्याची रक्कम, सगळं पार पडावं लागतं.

इथेच दि. बां. ची पद्धत कामाला येते. आमदार दारात आला की गटाराचं आणि लाईटचं सांगाच, पण हेही विचारा. आमच्या गावाच्या घरांबद्दल सभागृहात प्रश्न कधी लावला, त्याला लेखी उत्तर काय आलं? साडेबाराच्या किती फाईली शिल्लक आहेत, त्याची आकडेवारी मागितली का? मंत्र्याने आश्वासन दिलं असेल तर ते कोणत्या अधिवेशनात, कोणत्या तारखेला? विधिमंडळाचं कामकाज छापलेलं असतं, ते बघता येतं. उत्तर देता आलं नाही तर पुढच्या वेळी तारखेसकट या, असं सांगा.

आणि घरातलं एक काम आजच करा. साडेबाराची किंवा साडेबावीसची फाईल काढा. निवाडा, जुना सातबारा, फेरफार, वारस दाखला, इरादापत्र, बिल्डरशी केलेला करार, सगळं एका जागी लावा आणि पोरांना वाचायला द्या. मुलींनाही द्या, त्याही वारस आहेत. सही करायच्या आधी करारातली चौरस मीटरची बेरीज स्वतः करून बघा. हिशोब कसा करायचा ते वर दिलंय.